विमान घ्या, फक्त भागाकार करू नका

ओहायोत येऊन पंधरा वर्षं झाली. घराचे हप्ते उताराला लागले, तळघरात होम थिएटर झालं, त्यात आता कुणीच बसत नाही हेही लक्षात आलं. महाराष्ट्र मंडळाचं अध्यक्षपद दोनदा भोगून झालं. या वयात माणसाला काहीतरी चावतं. कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी गॅरेजमध्ये बिअर बनवतो. तुम्ही पायलटचं लायसन काढलंत. नियमानं किमान 40 तास उडावं लागतं. तुम्हाला 71 लागले, पण निघालं. आणि आता क्लबचं सेसना 172 तुम्हाला बैलगाडी वाटायला लागलंय.

छान. स्वतःचं घ्या. आणि घ्यायचंच तर ‘हाय परफॉर्मन्स’ घ्या. शब्द ऐकून दबून जाऊ नका. अमेरिकेच्या विमान खात्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन 200 हॉर्सपॉवरच्या वरचं. ते चालवायला प्रशिक्षकाची लॉगबुकात एक जादा सही लागते, आणि विमान चाकं पोटात घेणारं असेल तर आणखी एक. या सगळ्या प्रकरणात स्वस्त अशा या दोनच गोष्टी, तेव्हा त्यांचा आनंद घेऊन घ्या.

बाकी अनुभवाचा एकच मंत्र देतो. बेरीज हवी तितकी करा. वजाबाकी तर करावीच लागेल. भागाकार मात्र करू नका.

आता कुठलं घ्यायचं? नवं सिरस एसआर22 बघून या, तेवढ्यासाठी फी नाही. 310 हॉर्सपॉवर, आत काट्यांच्या जागी मोठे डिजिटल पडदे, आणि पाठीत अख्ख्या विमानाला घेऊन खाली उतरणारं पॅराशूट. सगळ्या सोयींसकट किंमत दहा लाख डॉलरच्या घरात. पॅराशूट दर दहा वर्षांनी बदलून घ्यावं लागतं, वापरलं नसलं तरी. वापरलं असेल तर प्रश्न वेगळेच असतात. हे सगळं घरी नीट समजावून सांगा, आकडे मोठ्यानं वाचा, मग पुढच्या आठवड्यात सव्वा लाखाचं जुनं बोनान्झा घ्या. म्हणजे तुम्ही पावणेनऊ लाख वाचवलेत. ही वजाबाकी मी स्वतः जेवणाच्या टेबलावर करून दाखवली आहे. बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी ते कौतुक समजलो.

माझं 1973 सालचं व्ही35बी आहे, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या शेपटीचं. बोनान्झा 1947 मध्ये बाजारात आलं आणि साध्या शेपटीचं पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. व्ही शेपटीचं 1982 नंतर बंद झालं. दिसायला असं देखणं, की इंधन भरताना अनोळखी माणसं येऊन पंखावरून हात फिरवून जातात. आपल्याकडची चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणीतरी बोनान्झा बाळगून रचली असावी. कारण गंमत अशी, की विमान जुनं झालं की स्वस्त होतं, त्याचे सुटे भाग होत नाहीत. कोंबडी 1973 ची, मसाला आजच्या भावाचा. तुम्ही सव्वा लाख देता आणि नव्या विमानाचा संसार अंगावर घेता.

पहिल्याच महिन्यात तुम्हाला ‘एएमयू’ हे एकक शिकायला मिळेल. विमानवाल्यांचं चलन. एक एएमयू म्हणजे हजार डॉलर. याचा उपयोग घरात होतो. ‘ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं काम निघालंय, दोन-अडीच लागतील’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला ते दोन-अडीचशे वाटतात. आमच्या इथून तासाभरावर डेटन आहे, राइट बंधूंचं गाव. त्यांनी 1903 मध्ये माणूस हवेत नेला तो सगळा खटाटोप, किटी हॉकच्या फेऱ्यांसकट, हजार डॉलरच्या आत बसवला होता. म्हणजे एक एएमयूसुद्धा नाही. त्यांच्याकडे सायकलचं दुकान होतं आणि विम्याचा एजंट नव्हता.

विम्याच्या एजंटशी बोलताना मन शांत ठेवा. तो विचारतो, चाकं आत जाणाऱ्या विमानातले तुमचे तास किती? तुम्ही म्हणता, शून्य. पलीकडे शांतता पसरते आणि टाइप केल्याचा आवाज येतो, नेमका किती शून्यांचा ते कळत नाही. या धंद्यात पायलट दोनच प्रकारचे मानतात: एकदा चाकं काढायला विसरलेले आणि अजून विसरायचे आहेत ते. पोटावर उतरलात तर तुम्हाला सहसा काही होत नाही. पंखा जमिनीला घासतो, त्याचा झटका इंजिनाला बसतो, आणि मग अख्खं इंजिन खोलून तपासावं लागतं. शिवाय बोनान्झाचं एक जुनं टोपणनाव आहे, त्याचं मराठी साधारण ‘दुभंगलेल्या शेपटीचा डॉक्टरमारू’ असं होईल. वेगवान विमान घेण्याइतका पैसा डॉक्टरांकडे होता, सरावाला वेळ नव्हता. तुम्ही म्हणाल, मी कुठे डॉक्टर, मी तर सॉफ्टवेअरवाला. एजंटला हा विनोद सांगू नका, मी सांगून पाहिलाय. पहिल्या वर्षी प्रशिक्षकाला शेजारी बसवून 25 तास उडायची अट पडली. त्या तासांचे पैसे द्यायला माझी हरकत नव्हती. तो एकदाच म्हणाला होता, ‘चाकं?’, आणि तेव्हा ती खरंच बाहेर नव्हती.

आता मुख्य सण. ॲन्युअल.

दर बारा महिन्यांनी विमान मेकॅनिकच्या हवाली करायचं. त्याची सही झाल्याशिवाय पुढच्या महिन्यापासून ते उडवता येत नाही. आमच्याकडे ठरलेला दर 2,800 डॉलर आहे, आणि नवखा माणूस हा खर्च समजतो. तो नुसतं उघडून बघण्याचा दर आहे. दर्शनाची फी. नवस वेगळा.

दुसऱ्या वर्षी मी सुट्टी काढून शेजारी उभा राहिलो. तुम्हीही राहा. इंजिनाची झाकणं काढलेली, सहा सिलिंडर उघड्यावर. मेकॅनिक सत्तरीचा, बोलणं मोजकं. एकेका सिलिंडरमध्ये तो 80 पौंडांच्या दाबानं हवा सोडतो आणि आत किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर वाचतो. 74, 72, 75, 71. मी मनात पेढे वाटायला घेतले. पाचव्याला 41. तो ‘अं’ म्हणाला. विमानाच्या मेकॅनिकचा ‘अं’ हा किमान एक एएमयूचा असतो. मग तो वाकला, धुराच्या नळीला कान लावला आणि मला बोलावलं. मीही लावला. आतून हलकी फुसफुस येत होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी. हवा तेलाच्या तोंडातून फुसफुसली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, धुराच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मग त्यानं बारीक कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर व्हॉल्व्ह दिसला. चांगला व्हॉल्व्ह सगळीकडून सारखा भाजलेल्या भाकरीसारखा दिसतो. या भाकरीची एक कड करपली होती, हिरवट झाली होती. ‘यावर मी सही करणार नाही,’ तो म्हणाला. सिलिंडर उतरवायचं ठरलं.

आणि मग ते वाक्य आलं. त्यानं इंग्रजीतच म्हटलं, पण पुण्यात ज्यानं एकदा न्हाणीघराच्या फरशा बदलल्यात त्याला भाषांतराची गरज नाही: ‘उघडलंच आहे तर.’ उघडलंच आहे तर रबरी नळ्या बदलू. उघडलंच आहे तर मॅग्नेटो 500 तासांच्या तपासणीला पाठवू. इंजिन ज्यावर बसतं ती रबरं बघितलीत का, कधीची आहेत? मी बघितली नव्हती. त्याच्या हातात टॉर्च होता, माझ्या हातात फक्त फोन, त्यात बँकेचं ॲप. शेवटी शेपटीवरून हात फिरवत तो म्हणाला, हिला जप. तिच्या हलत्या भागांचा पत्रा मॅग्नेशियमचा आहे. गंजला तर दुसरा मिळणं मुश्कील, आणि नुसता रंग दिला तरी वजन बदलतं म्हणून तोल पुन्हा साधावा लागतो. म्हणजे हौसेनं रंगवायचीही सोय नाही. बिल 9,400 डॉलर झालं. तो माणूस एका पैशाला खोटा नव्हता, हेच जास्त लागलं. लबाड असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

सुट्या भागांचं एक कोडं सोडवून ठेवा, म्हणजे पुढे चिडचिड होणार नाही. अल्टरनेटर दिसायला जुन्या गाडीतल्यासारखाच, किंमत कितीतरी पट. फरक सोबतच्या कागदात असतो. हा भाग विमानासाठी मंजूर आहे, असं तो कागद म्हणतो, आणि तुम्ही विकत घेता तो कागदच. अल्टरनेटर त्याला गुंडाळायला येतो. त्यात खपही मूठभर आणि कोर्टाची भीती डोंगराएवढी. याच खटल्यांच्या धास्तीनं सेसनानं 1986 मध्ये पिस्टनची छोटी विमानं बनवणंच थांबवलं होतं. 1994 च्या कायद्यानं उत्पादकावरच्या दाव्याला 18 वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा 1996 मध्ये पुन्हा सुरू झाली. तुमचं विमान 1973 चं. मूळ कारखान्याची बरीचशी जबाबदारी कधीच संपली, तुमची या महिन्यात सुरू झाली.

इंधनाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. निळं असतं, गॅलनला साडेसहा डॉलर पडतं, तासाला पंधरा गॅलन लागतं. नावात ‘लो लेड’ आहे, म्हणजे शिसं आहेच. 74 गॅलनची टाकी काठोकाठ भरा आणि पावती खिशात न बघता घाला.

हे इंधन जाळून जायचं कुठे, हा प्रश्न लोक विचारतात. पायलट मंडळींत शंभर डॉलरच्या बर्गरची जुनी चाल आहे. शनिवारी उडून दुसऱ्या विमानतळावर जायचं, बर्गर खायचा, परत यायचं. शंभर हा आकडा आता श्रद्धेपोटी ठेवलाय. पण घरी ‘प्रवासाची सोय’ असंच सांगा. मी 2022 मध्ये हेच सांगितलं होतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला होतं. मित्रांची व्हॅन पहाटे निघाली, साडेआठ तासांचा रस्ता. आम्ही आरामात दहाला निघालो, अडीच तासांचं अंतर. दुपारी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांवर ऑगस्टचे ढग चढले आणि आम्ही एका छोट्या धावपट्टीवर उतरलो. तिथे चिप्सचं मशीन होतं, दोन खुर्च्या होत्या आणि एक म्हातारं कुत्रं होतं. संध्याकाळी व्हॅनवाल्यांनी ताटाचा फोटो पाठवला. बायकोनं तो मला दाखवला नाही. फोन टेबलावर उलटा ठेवला, त्यावरून कळलं. रात्र मोटेलात काढली. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळे म्हणत होते, ‘अरे वा, स्वतःच्या विमानानं!’ तेवढं एक वाक्य मात्र फार गोड लागतं, आणि मी ते तीन दिवस वसूल केलं.

साताऱ्याहून आई म्हणते, ‘विमान घेतलंस ना, मग गणपतीला त्याच्यानंच ये की.’ तिला मी पल्ल्याचं गणित अजून सांगितलेलं नाही.

विमान न उडवून पैसे वाचवू म्हणाल, तर धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. उडवलं की झिजतं, उभं ठेवलं की आतून गंजतं. मेकॅनिक सांगतो, आठवड्याला एकदा तरी उडव. ओहायोच्या जानेवारीत, पंखावर बर्फ धरू शकणाऱ्या ढगांच्या खाली, बर्फ झटकायची काहीच सोय नसलेलं विमान. म्हणून हँगर, म्हणजे विमानाचं गॅरेज. म्हणून इंजिनाला रात्रभर हीटर आणि वरून रजई. माझ्या मुलीला तिच्या लहानपणी इतकी ऊब मिळाली नसेल, असं घरातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात.

आता ते पाप. एका रविवारी माझ्या हातून भागाकार झाला. त्या वर्षीचं हँगर 5,400, विमा 3,200, ॲन्युअल 9,400, नकाशे-डेटाचे वर्गणीचे 700. बेरीज 18,700. इथे थांबायला हवं होतं. मी लॉगबुक उघडलं. वर्षभरात 41 तास. तासाला 456. त्यात इंधनाचे 98. मग आठवलं, हे इंजिन 1,700 तासांनी ओव्हरहॉल करायचं असतं, त्याला 55 हजार धरले तर तासाला आणखी 32. एकूण 586 डॉलर. क्लबची बैलगाडी इंधनासकट 170 ला मिळते. आणि यात विमानाची मूळ किंमत नाहीच, ती आपण वाचवलेल्या पावणेनऊ लाखांत गेली.

जास्त उडालं तर तासाचा दर खाली येतो, हे तेवढ्यात ध्यानात आलं. शंभर तास उडालो असतो तर तीनशे सतरा! म्हणजे चूक खर्चाची नव्हती, आळसाची होती. पुढचे सहा शनिवार मी बर्गर खाल्ले. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. तिचा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा हे ठरलेलं नाही.

या जानेवारीत एकदाही उडालो नाही. महिनाभर ढग जमिनीला टेकलेले. एका संध्याकाळी तरी गेलो. हँगरचं दार बर्फात रुतलं होतं, फावड्यानं मोकळं केलं. रजई उचलून इंजिनावर हात ठेवला, कोमट होतं. जमिनीवर पडलेला तेलाचा थेंब पुसला, डावीकडच्या खुर्चीत पाऊण तास बसलो, चाकांचा खटका खाली आहे ना ते उगाचच बघितलं आणि घरी आलो.

‘काय रे, किती उडालास?’ बायकोनं विचारलं.

‘आज नाही.’

‘आणि हँगरचं भाडं?’

‘साडेचारशे.’

तिनं कॅल्क्युलेटर काढला, साडेचारशे भागिले शून्य केलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. त्यावर ‘एरर’ आलं होतं.