तलवार परत आली, हातमागाचं काय?

२९ एप्रिल २०२५ला लंडनच्या लिलावात सेनासाहेब सुभा हा किताब असलेल्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाखांना घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली. भंडारा-नागपूरकडे तेव्हापासून विचारणा चालू आहे: १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने भोसल्यांचा खजिना लुटला, मग आपलीच वस्तू पैसे मोजून का घ्यायची? लंडनमधून पाहताना मला वाटतं, घेतली ते योग्यच केलं. लिलावातली वस्तू एकदा खासगी तिजोरीत गेली की पुन्हा कधी दिसेल याचा नेम नाही.

जाब विचारायचा तो इथल्या राजाला. चार्ल्स युवराज असताना, २००४मध्ये, त्यांनी लंडनला पारंपरिक कलांची शाळा काढली. लघुचित्रं, टाइल्स, भूमिती, सगळं हाताने करून शिकायचं. कला करणाऱ्यांच्या हातात जगते, हा त्यांचा विश्वास मला मनापासून पटतो. पण श्रीरंगपट्टणच्या लुटीतला, टिपूच्या सिंहासनावरचा सोन्याचा हुमा पक्षी ब्रिटिश राजसंग्रहातच आहे. २०२३च्या राज्याभिषेकात राणीच्या मुकुटात कोहिनूर नव्हता. हिरा मात्र टॉवर ऑफ लंडनमधून हलला नाही. १८७४च्या लुटीतलं आफ्रिकेतल्या असांते राज्याचं सोनं २०२४मध्ये घानाला गेलं तेही तीन वर्षांच्या उसनवारीवर. साताऱ्याला आलेली वाघनखंसुद्धा तशीच.

रघुजींच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांतही लूट झाली, हे आपणही मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. न्याय मागणाऱ्याने आपली पानं फाडू नयेत.

आणि राजाला लावलेलं माप घरीही लावा: कला करणाऱ्यांचे हात आपण तरी जपतो का? विदर्भातल्या मोहाडी, आंधळगाव, नागभीडचं करवती कापड पाहा, काठाला करवतीसारखे दाते असलेलं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचं कोसा रेशीम, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा खड्डामाग आणि आडवा धागा नेणारे तीन धोटे: एक अंगाचा, दोन काठांचे. करवतीच्या प्रत्येक दात्याशी अंगाचा आणि काठाचा बाणा (आडवा धागा) एकमेकांत अडकवावा लागतो, म्हणून एकट्या विणकराचं भागत नाही, मदतनीस लागतो. अडकवण सैल पडली तर दात्यांपाशी भोकं दिसतात, जास्त ओढली तर काठ चुरगळतो. अंगाचा बाणा काठात शिरत नाही म्हणून काठाचा रंग भरीव राहतो. नकली साडीत दाते बऱ्याचदा नुसते छापलेले असतात. त्यामुळे घेताना साडी उलटी करून दाते तपासाच. दोन माणसांचं काम आणि एका साडीचा भाव, त्यात पुढची पिढी मागावर बसेल कशी? भौगोलिक मानांकन मिळालं, पण मजुरीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तलवार नागपूरला ठेवणार असाल तर नीट ठेवा. पोलादाला कोरडी हवा लागते, आपल्या पावसाळ्यात तर फारच. उघड्या हाताने धरली की घामातल्या मिठाने गंज धरतो, चामड्याच्या म्यानात ओल साचते, आणि भांडी घासायच्या पावडरीने पात्यावरची सोन्याची देवनागरी अक्षरं जातील. तिच्या दालनाशेजारी आंधळगावचा माग चालू ठेवा, विणकर आणि मदतनीस दोघांना रोजची मजुरी सरकारने द्यावी. तलवारीसाठी ४७ लाख निघाले, तर एवढाही खर्च निघू शकतो.