सार्वजनिक सायकल योजना बिनबोभाट बुडवण्यासाठी काही सूचना

कोल्हापुरात जन्मलेला प्रत्येक माणूस आज ना उद्या नगरसेवक होण्याच्या शक्यतेत जगत असतो, आणि नगरसेवक झाल्यावर एखाद्या दिवशी सार्वजनिक सायकल योजनेची फाईल पुढ्यात येऊन पडण्याचा धोकाही त्याला असतोच. आपल्यावर ही वेळ आली, तर योजनेला विरोध मात्र करू नका. विरोधाने योजनेला समर्थक मिळतात. तिचे स्वागत करावे, नारळ फोडावा, छायाचित्रकार समोर आहेत तोवर दसरा चौकात चार पायडल मारावेत, आणि मग शांतपणे पुढील पथ्ये पाळावीत.

आधी धोका नेमका कोठे आहे, ते समजून घ्या. स्वतःची सायकल असलेला माणूस तिला बांधलेला असतो. ती पंक्चर झाली की ढकलत न्यावी लागते, गंगावेशीत लावली की परत गंगावेशीतच जावे लागते, आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर रोज जिन्याशी झटापट करावी लागते. सार्वजनिक सायकलीत, म्हणजे शहरातल्या एका स्थानकातून भाड्याने घेऊन दुसऱ्या कोणत्याही स्थानकात लावून टाकायच्या सायकलीत, ही कटकट उरत नाही. जाताना सायकल घ्यावी, येताना केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसने यावे, मध्येच पाऊस आला तर जवळच्या स्थानकात ती सोडून रिक्षा करावी. एवढी मोकळीक मिळाली की दहावीनंतर पायडलला पाय न लावलेला गृहस्थही मंडईला सायकलने जाऊ लागतो. आपल्याला टाळायचे आहे ते हेच.

सर्वांत प्रभावी उपाय स्थानकांच्या जागांमध्ये आहे, म्हणून येथे घाई करू नये. पॅरिसने 2007 च्या जुलैमध्ये वेलिब ही योजना सुरू केली, तेव्हा साधारण दर तीनशे मीटरवर एक स्थानक ठेवले, कारण माणूस सायकलपर्यंत चालत जाण्याची तयारी फार दाखवत नाही. तो हिशेब येथे लावला, तर बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळापर्यंत दोन स्थानके होतील आणि अनर्थ ओढवेल. आपण एकूण चारच स्थानके करावीत, आणि त्यातले सर्वांत मोठे रंकाळा तलावावर. रंकाळ्यावर सायकल ठेवली की ती वाहन राहत नाही, करमणूक होते. रविवारी मुले तिच्यावरून चक्कर मारतात, भेळ खातात आणि घरी मोटारसायकलने जातात. उलट मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास स्थानक चुकूनही होऊ देऊ नका. कागलहून एसटीने उतरलेला कारकून, ज्याला पुढे दीड-दोन किलोमीटरसाठी रोज रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते, हाच या योजनेचा खरा गिऱ्हाईक असतो, आणि त्याच्या हाती सायकल लागली तर तो ती वर्षाचे बारा महिने वापरेल.

दराचीही काळजी घ्यावी. फ्रान्समधल्याच लियों शहराने 2005 साली आणि पाठोपाठ पॅरिसने वर्गणीदारांना पहिली तीस मिनिटे मोफत दिली. आपले शहर आटोपशीर असल्यामुळे ही सवलत विशेष घातक ठरते, कारण अर्ध्या तासात रमतगमत चालवूनही कावळा नाक्यावरून रंकाळ्यापर्यंत जाता येते. म्हणजे बहुतेक शहर फुकटात फिरून होईल. म्हणून पहिल्या मिनिटापासून आकार लावावा, अनामत रक्कम भरून घ्यावी, आणि आधार, ओटीपी व सेल्फी यांची व्यवस्था अशी करावी की तेवढ्या वेळात माणूस पायी पोहोचला असता. पूर्वी आपल्याकडे तासावर सायकल देणारी दुकाने होती. मडगार्डवर रंगवलेला नंबर वहीत टिपायचा, ‘कुणाचा रे तू?’ एवढे विचारायचे आणि पेठ व वडिलांचे नाव कळले की सायकल द्यायची, हा त्यांचा कारभार होता. इतक्या ढिसाळ पद्धतीने पोरांच्या दोन-तीन पिढ्या सायकल शिकल्या, हे आपण विसरता कामा नये. केएमटीच्या पासवर सायकल मिळावी, अशी सूचना कोणी केलीच, तर ती उपसमितीकडे पाठवावी.

निसर्गही आपल्या बाजूला आहे. विद्यापीठ सागरमाळावर आणि जुने शहर खाली, त्यामुळे उतरताना सर्वांना सायकल हवी असते आणि चढताना बस. दोन दिवसांत वरचे स्थानक रिकामे आणि खालचे तुडुंब होते. हीच अडचण आल्यावर पॅरिसने चढावरच्या स्थानकात सायकल आणून लावणाऱ्याला मोफत वापराची पंधरा मिनिटे जादा बक्षीस दिली, शिवाय सायकली इकडून तिकडे नेणारी वाहनेही ठेवली. आपण निविदेत टेम्पोची तरतूदच करू नये. करावी लागलीच, तर डिझेलची करू नये.

मेलबर्नचा अनुभव तर मुखोद्गत करावा. तेथे 2010 साली योजना सुरू झाली, सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती होती, क्षणभराच्या इच्छेने सायकल घेऊ पाहणाऱ्याकडे हेल्मेट नसे, आणि 2019 मध्ये योजना बंद झाली; त्या अपयशाच्या कारणांत या सक्तीचे नाव नेहमी घेतले जाते. आपल्याकडे फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरच्या बुलेटवर तिघे जण उघड्या डोक्याने जात असतात, तरीही सायकलवाल्याच्या डोक्याची चिंता आपणच प्रथम वाहिली, तर टीका कोण करणार?

स्पेनमधल्या सेव्हिलचे नाव मात्र सभागृहात निघू देऊ नका. त्या शहराने 2007 च्या सुमारास सायकली आणल्या, पण त्याच सुमारास सुमारे ऐंशी किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले आणि मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले मार्गही बांधले, आणि लोक खरोखरच रोज सायकल चालवू लागले. आपण मार्गाऐवजी पट्टा रंगवावा. हिरवा रंग चांगला दिसतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यावर चारचाकी उभ्या राहत असल्याने तो फार दिवस टिकतोही.

अभ्यास दौऱ्यासाठी मैसूर योग्य आहे. राजघराणे आणि शाही दसरा ही साम्ये आहेतच, त्यात तेथे 2017 साली ‘ट्रिन ट्रिन’ नावाने साडेचारशे सायकली आणि ठरलेल्या स्थानकांसह सुरुवात झाली. दौऱ्यात राजवाडा पाहावा, वृंदावन गार्डन पाहावे, सायकलींसाठी वेळ उरू देऊ नये. पुण्याकडून मात्र खरोखर शिकण्यासारखे आहे. 2017 च्या अखेरीपासून तेथे कंपन्यांनी स्थानकांविनाच रंगीबेरंगी सायकली आणल्या, त्या फुटपाथवर आडव्या झाल्या, आणि दोन-एक वर्षांत दिसेनाशा झाल्या. पुण्याला जे जमले ते कोल्हापूरला जमू नये, हे आपल्या स्वाभिमानाला शोभणारे नाही.

अहवालात फेऱ्या कधीही मोजू नयेत. एक सायकल दिवसातून किती जणांनी वापरली, या एका आकड्यावर जगभर अशा योजनांचे बरे-वाईट ठरते, म्हणून तो आकडा कागदावर येऊच देऊ नये. ॲप किती जणांनी घेतले, ते लिहावे. योजना गुंडाळताना ‘नागरिकांची मानसिकता नाही’ असे पत्रक काढावे. नागरिक त्याला मान हलवतील, कारण प्रत्येकाला ते शेजाऱ्याबद्दल आहे असे वाटेल.

एवढे करूनही एखादे स्थानक रोज सकाळी रिकामे होत असल्याचे आढळले, तर गाफील राहू नका. बहुधा कोणा कनिष्ठ अभियंत्याने नकळत ते योग्य जागी बसवलेले असते. त्या जागेवर तातडीने गटारीचे काम काढावे, स्थानक ‘तात्पुरते’ रंकाळ्यावर हलवावे, आणि तसा फलक लावण्याचे काम त्याच गटारीच्या ठेकेदाराला द्यावे.