ई 407 आणि फ्युकॉइडन: एका फॉरवर्डची चिरफाड

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत येतो. आइस्क्रीम आणि चॉकलेट मिल्कमध्ये ‘ई 407’ नावाचं समुद्री शेवाळाचं रसायन असतं. प्रयोगशाळेत उंदरांना सूज आणायला तेच वापरतात. पोटातल्या आम्लात त्याचा कर्करोगकारक पदार्थ होतो. म्हणून ते टाळा आणि फ्युकॉइडनच्या कॅप्सूल घ्या, त्यांनी कर्करोग बरा होतो. गंमत अशी की फ्युकॉइडनही शेवाळाचंच!

ई 407 म्हणजे कॅराजीनन. तांबड्या शेवाळांतून काढलेली गॅलॅक्टोज या शर्करेची लांबलचक साखळी, तिच्यावर जागोजागी सल्फेट. त्याचे मुख्य प्रकार तीन: कप्पा प्रकारात दर दोन शर्करांमागे साधारण एक सल्फेट, आयोटात दोन, लॅम्डात तीन. एवढ्याशा फरकाने कप्पा पोटॅशियमबरोबर घट्ट पण ठिसूळ गोठतो, आयोटा कॅल्शियमबरोबर मऊ, लवचीक होतो आणि लॅम्डा गोठतच नाही, नुसता दाटपणा आणतो. चॉकलेट मिल्कमध्ये कोको तळाशी बसत नाही, कारण कप्पा दुधातल्या केसीन या प्रथिनाशी जोडला जाऊन एक विरळ जाळं तयार करतो. त्यासाठी 0.02 ते 0.03 टक्के पुरतो.

उंदरांची गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी सांगितलेली. 1962 पासून सूज उतरवणारी औषधं तपासायला उंदरांच्या पंजात कॅराजीनन टोचतात. टोचतात, खाऊ घालत नाहीत. एके काळी डॉक्टर रुग्णाला मुद्दाम ताप आणण्यासाठी दुधाचं इंजेक्शन देत. त्यावरून दूध पिणं घातक ठरत नाही. गिळलेल्या कॅराजीननचा रेणू इतका मोठा असतो की तो आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाही, बहुतेक विष्ठेवाटे बाहेर पडतो.

आम्लाचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण घोळ इथेच आहे. कर्करोगाचा ठपका आहे तो पॉलिजीननवर. कॅराजीनन तीव्र आम्लात, सुमारे 1 पीएचला, 80 अंशांच्या वर कित्येक तास तापवलं की साखळ्या तुटून ते बनतं. कॅराजीननचा रेणुभार (रेणूचं वजन) साधारण 2 ते 8 लाख, पॉलिजीननचा 10 ते 20 हजार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पॉलिजीनन ‘2बी’ गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्यांत, ठेवलं. अखंड कॅराजीनन ‘3’ गटात, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावाच नाही. पोटात तापमान 37 अंश असतं आणि जेवणानंतर आम्लही सौम्य होतं. तिथे एवढी मोडतोड होत नाही.

म्हणून सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये रोज दर किलो वजनामागे 75 मिलिग्रॅम ही मर्यादा ‘तात्पुरती’ म्हणूनच ठेवली आणि आणखी माहिती मागितली. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजाराच्या अवघ्या 12 रुग्णांवरच्या एका चाचणीत कॅराजीनन घेणाऱ्यांपैकी काहींचा आजार उलटला, प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्यांपैकी कुणाचाच नाही. संख्या फारच छोटी. तरी आतड्याला सूज असलेल्याने लेबल वाचलेलं बरं.

आता फ्युकॉइडन. तपकिरी शेवाळांतलं, फ्युकोज ही शर्करा आणि सल्फेटचं, 1913 मध्ये स्वीडनच्या किलिन यांनी वेगळं केलेलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते कर्करोगाच्या पेशी मारतं, हे खरं. पण बशीत पेशी थेट द्रावणात बुडालेल्या असतात. गिळलेलं फ्युकॉइडन रक्तात फार थोडं उतरतं. त्यात शेवाळाची जात, ऋतू आणि काढण्याची पद्धत बदलली की रेणूही बदलतो, म्हणजे दोन कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये एकच पदार्थ असेल याची खात्री नाही. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत त्याने कर्करोग बरा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: प्रयोगशाळेत फ्युकॉइडन हेपॅरिन या औषधासारखं रक्त गोठणं रोखतं. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.