'जिनोआ असताना वेगळं शीड कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हलक्या वाऱ्यासाठी ड्रिफ्टर, म्हणजे पातळ नायलॉनचं वेगळं पुढचं शीड, घ्या असं मी सुचवलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही मुद्द्यांनाच देतो. तुमचे आक्षेप तीन. ३० फुटी होडीवर १३५ टक्क्यांचा जिनोआ (डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड; टक्के त्याच्या आकाराचे) असताना पाऊण औंस वजनाच्या नायलॉनचा ड्रिफ्टर सुचवणं म्हणजे लोकांना खर्चात पाडणं. नायलॉन ताणतं, त्यामुळे वाऱ्याच्या जवळ, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे, जाता येत नाही. आणि घ्यायचंच असेल तर फर्लरवरचा (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रावरचा) कोड झिरो, म्हणजे वाऱ्याजवळ चालणारं मोठं हलकं शीड, घ्यावा.

पहिल्या आक्षेपात तुम्ही क्षेत्रफळ मोजलंत, वजन मोजलं नाही. वारा ६ नॉट आहे, नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) १३५ अंशांवरून येतोय आणि होडी ३ नॉटने चालली आहे असं धरा. होडीवर जाणवणारा अपॅरंट वारा जेमतेम ४.४ नॉट उरतो. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम वजनाएवढा. आणि तुमच्या जिनोआचं डेक्रॉन (पॉलिएस्टरचं कापड)? तेही चौरस मीटरला २६० ते ३०० ग्रॅम! वारा जेवढं ढकलतो तेवढंच कापड खाली ओढतं. शीड फुगत नाही, नुसतं लोंबतं. लाटेवर होडी डोलली की ते आपटतं आणि जमलेला वारा सांडून जातो. पाऊण औंसाचं नायलॉन चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. २७ चौरस मीटरचा जिनोआ साडेसात किलोचा, तर ३१ चौरस मीटरचा ड्रिफ्टर कोपऱ्यांच्या जादा थरांसकट साधारण दोन किलोचा. म्हणून जिनोआ आणखी मोठा शिवून घेतला तरी हा प्रश्न सुटत नाही.

मग अर्धा औंस का नको? उसळत्या पाण्यात शीड मिटतं आणि झटक्याने पुन्हा फुगतं. ते झटके एवढं पातळ कापड फार काळ सोसत नाही. सपाट पाण्यातल्या शर्यतीला ते ठीक आहे.

नायलॉन ताणतं हे अगदी खरं. अपॅरंट वारा नाळेपासून ५० अंशांपेक्षा कमी कोनावर आला की ड्रिफ्टरचं पोट मागे सरकतं आणि होडी पुढे जाण्याऐवजी बाजूला घसरते. पण आपल्या किनाऱ्यावर हलका वारा कुठून येतो ते पाहा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून सुटतो आणि कोकण किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे. मांडव्याहून मुरूडकडे निघा किंवा मुरूडहून परत या, वारा बाजूनेच मिळतो. ६ नॉटच्या आडव्या वाऱ्यात ३ नॉटने चाललात तर अपॅरंट वारा ६.७ नॉट, ६३ अंशांवर. ड्रिफ्टर याच कोनासाठी असतो. दुपारी वायव्येचा खारा वारा भरला की जिनोआ उघडा, तिथे तुमच्याशी वाद नाही.

कोड झिरो चांगलंच शीड आहे, पण ते लफच्या (शिडाच्या पुढच्या कडेच्या) ताणावर चालतं. त्यासाठी पुढे बोस्प्रिट (नाळेपुढे आलेला दांडा) हवा, न पिळवटणारी केबल हवी, न ताणणारा हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) हवा, तोही बहुतेकदा दुहेरी फिरवलेला. तो सगळा भार डोलकाठीच्या टोकावर आणि नाळेवर येतो. जुन्या होडीची नाळ त्यासाठी बांधलेली नसते. ताण कमी ठेवला तर लफ झोळ खाते आणि ज्या कोनासाठी एवढे पैसे मोजले तोच कोन हातून जातो. शर्यतीचा जुना कोड झिरो स्वस्तात मिळत असेल तर विशेष जपा. मोजमापाच्या नियमांत तो स्पिनेकर (मागच्या वाऱ्यासाठीचं फुगीर शीड) ठरावा म्हणून त्याची मधली रुंदी पायाच्या (खालच्या कडेच्या) ७५ टक्के ठेवलेली असायची. अशा शिडाची मागची कड वाऱ्याजवळ सतत फडफडते.

ड्रिफ्टर घेऊन जुन्याच १२ मिलिमीटरच्या शीट (शीड ओढून धरणारे दोर) बांधल्या तर मात्र तुमचा पहिला आक्षेप खरा ठरेल, कारण भिजलेला जाड दोर शिडाचा कोपरा खाली ओढून धरतो. ६ मिलिमीटरचा, पाणी न पिणारा दोर घ्या आणि शॅकल (धातूची कडी) न लावता बोलाइनच्या गाठीने बांधा. शीट शिडाच्याही पुढून फिरवायच्या असतात, म्हणून लांबी होडीच्या दुप्पट ठेवा. लफ वरच्या भागात आधी थरथरली तर शीटचा ब्लॉक (कप्पी) पुढे घ्या, खाली थरथरली तर मागे. टॅकला (शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याला) अर्धा मीटर दोर द्या, म्हणजे शीड कठड्यावर घासणार नाही आणि खालून समोरचं दिसेल. डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये चुकवायचे तर ते दिसायलाच हवं.

अपॅरंट वारा १० नॉटला पोचला की ड्रिफ्टर उतरवा. वारा मागून येईल अशी होडी वळवा, शीड मुख्य मोठ्या शिडाच्या आडोशाला येऊ द्या, शीट पूर्ण सैल करा, मगच हॅलयार्ड सोडा. उलट क्रमाने केलंत तर भरलेलं शीड पाण्यात जातं आणि नाळेखाली अडकतं.

खर्चाबद्दल तुमची काळजी रास्त आहे. जुना ड्रिफ्टर चालतो, पण आधी कापड तोंडाला लावून फुंका. हवा आरपार गेली तर वरचा लेप संपलाय. शिवणीजवळ दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा, टरकलं तर सोडून द्या. आणि लफची लांबी टेपने स्वतः मोजा. पिशवीवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका.