बेळगावात पाणीसुद्धा शंभराला उकळत नाही

आमच्या ओटीजीचं, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचं, बटण 180 वर लावलं म्हणजे आत 180 असतं, असं मी चार वर्षं गुमान मानत होतो. नानकटाई खालून काळी आणि वरून पांढरी झाली की मी मैद्याला नावं ठेवायचो, आई म्हणायची तूप कमी घातलंस, बायको काहीच म्हणायची नाही, नुसती करपलेलं चाकूनं खरवडून चहाबरोबर पुढं ठेवायची. त्यात, लहानपणी आम्ही पीठ मळून डबा गल्लीतल्या बेकरीत द्यायचो, तिथल्या भट्टीला ना काटा ना बटण, तरी कशी फुटून यायची नानकटाई, हे दर खेपेला ठरलेलंच.

शेवटी ऑनलाईन वायरवाला थर्मामीटर मागवला. आधी तोच खरा आहे का बघूया म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडवला, शून्य. शाब्बास. मग खळखळत्या पाण्यात धरला तर 97 वर जो बसला तो बसलाच. गॅस मोठा केला, तरी 97. घ्या, पैसे पाण्यात, तेही उकळत्या! रिटर्न करणार एवढ्यात शेजारचे रिटायर्ड सर आले.

"अरे, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहे की. दर तीनशे मीटरला साधारण एक डिग्री कमी धर. शंभर पाहिजे असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जा."

आता ओव्हन. बटण 180 वर, थर्मामीटर आत, दार बंद, आणि मी समोर स्टुलावर वही घेऊन. काटा चढला 225 पर्यंत, टक् करून कॉईल बंद, उतरत 190, परत टक्, परत वर. हे चालतंच असं म्हणे, थर्मोस्टॅट काय एका जागी धरून ठेवत नाही, म्हणून चार-पाच वेळा वरचा आणि खालचा आकडा लिहायचा आणि मधला काढायचा. तिसऱ्या फेरीला बाहेर पाऊस आणि आत करंट गेला. बेळगावचा जुलै. सगळं पहिल्यापासून. हिशोब केला तर 180 म्हणजे खरं 207! मागच्या दारातनं अक्कांनी कानडीत विचारलं, "एन माडाकत्तीरी?" म्हणजे काय करताय. काय सांगणार, ओव्हनचा ताप बघतोय म्हणून?

खात्रीसाठी साखरेची पण टेस्ट केली. साखर 186 च्या आसपास वितळते, म्हणून बटण 170 ला लावून फॉईलच्या वाटीत चमचाभर ठेवली, पंधरा मिनिटांत पाक. आई बघून म्हणाली, "साखर जाळायला एवढं मोठं यंत्र लागतंय व्हय?"

बटण काढून मागचा स्क्रू फिरवायचा विचार होता, पण वॉरंटी आठवली आणि हात मागं आला. बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन 155 च्या जवळ एक ठिपका दिला, तिथं खरं 180 येतं हे परत तासभर बसून बघितलं. (ठिपक्यापेक्षा बाटलीचं झाकण उघडं राहिलं यावर जास्त चर्चा झाली.)

रविवारी केक केला. ठिपक्यावर बटण, थर्मामीटरवर 180 च्या आजूबाजूला, सगळं शास्त्रशुद्ध. केक मधोमध खड्डा पडून बसला. इतके दिवस बिचारा ओव्हन होता बोलणी खायला, आता सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बेकिंग पावडर जुनी असणार," मी म्हटलं. "फुगलीच नाही."

"मग तिला पण गोव्याला घेऊन जा की," आई म्हणाली.