"समजलं का?" विचारणं मी सोडून दिलंय

वीस वर्षं शिकवतेय. एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "समजलं का?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "होऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात. त्या "हो"चा खरा अर्थ "बाई, पुढे चला" एवढाच आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

कळलं ते ऋतूंच्या धड्यामुळे. पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला आहे म्हणून ऋतू होतात, हे वाक्य वर्गातल्या प्रत्येक वहीत होतं. चाचणीतही बहुतेकांना पैकीच्या पैकी. आठवडाभराने मी सहज कोरे कागद वाटले आणि विचारलं, उन्हाळ्यात गरम का होतं? अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं, "कारण तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते."

आता गंमत बघा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर. सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, 15.2 कोटींवर. म्हणजे उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा ती जवळ! हे मी वर्गात सांगितलंही होतं. पण पुस्तकातलं वाक्य आणि मनातली समजूत, दोघी एकाच डोक्यात अबोला धरलेल्या शेजारणींसारख्या सुखाने नांदत होत्या. परीक्षेला एक जायची, घरी दुसरी.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनाही असाच धक्का बसला होता. मुलं अवघड गणितं सोडवत होती, सरांबद्दलचे अभिप्राय उत्तम होते. मग त्यांनी बल आणि गतीवरचे रोजच्या भाषेतले साधे प्रश्न दिले, तर एका विद्यार्थ्याने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं, की मला वाटतं तसं? त्यानंतर, 1991 मध्ये, त्यांनी तासाची रीतच बदलली. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याला ते पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला दुसऱ्याचं अडलंय कुठे ते नेमकं दिसतं. आम्हाला ते दिसत नाही, कारण आम्ही कधी अडलो होतो हेच विसरलेलो असतो.

मी हे करून पाहिलं. पहिल्या दिवशी वर्गाचा बाजार झाला आणि शेजारच्या वर्गातून "जरा हळू" असा निरोप आला. तिसऱ्या-चौथ्या तासाला मात्र नेहमी मान खाली घालून बसणारा एक मुलगा बाकावरच्या मित्राला तावातावाने सांगताना ऐकला, "अरे, जवळ गेली असती तर अख्ख्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा नसता का आला?" इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट शांततेची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या आसपास वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात? सरासरी जेमतेम एक सेकंद. तीच वाट तीन सेकंदांवर नेली, की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. वाचून मी मनात म्हटलं, मी काही एवढी घाई करत नाही. मग मोबाइलवर माझाच एक तास रेकॉर्ड केला. प्रश्न, लगेच "सांगा पटकन", आणि लगेच उत्तर. माझंच! पंचेचाळीस मिनिटं मी स्वतःचीच तोंडी परीक्षा घेत होते आणि पासही होत होते.

तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. चाळीस मुलांसमोर गप्प उभं राहून पाहा. मी मनात आकडे मोजते, अजूनही.

यावर पालकांची तक्रार ठरलेली: "मॅडम शिकवतच नाहीत, मुलांनाच बोलायला लावतात." मला पूर्वी वाईट वाटायचं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला हार्वर्डमधलाच एक अभ्यास वाचल्यापासून कमी वाटतं. एका गटाला छान, ओघवतं व्याख्यान. दुसऱ्याला स्वतः डोकं खाजवायला लावणारा तास. विषय तोच. दुसरा गट जास्त शिकला, पण आपण कमी शिकलो असं त्यालाच वाटत होतं! ओघवतं ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः करताना पदोपदी ठेच लागते, म्हणून आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. माझ्या सुंदर व्याख्यानांवर खूश होणाऱ्या किती बॅचेस मी अशाच फसवल्या असतील, देव जाणे.

याचा अर्थ शिक्षकाने समजावून सांगूच नये असा नाही हं. नवीन विषयात मुलांना "शोधा स्वतः" म्हणून सोडून देणं ही निव्वळ कामचुकारी, आणि "कृतियुक्त शिक्षण" या गोंडस नावाखाली ती भरपूर चालते. पालकांनी रात्री जागून केलेले प्रकल्प हा त्यातलाच प्रकार. स्मार्ट बोर्डाबद्दल तर बोलायलाच नको. खडूने होणारं तेच एकतर्फी बोलणं आता रंगीत झालं, इतकंच.

"पोर्शन कसा संपवता?" हे सहकारी विचारतात, आणि प्रश्न खरा आहे. दोन धडे घाईत उरकावे लागतात. माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. पण पूर्वी पोर्शन वेळेत संपायचा तेव्हा तो नक्की कुणाचा संपायचा, हेही आता मला माहीत आहे.

हल्ली तासाची शेवटची चार मिनिटं मी राखून ठेवते. वह्या-पुस्तकं बंद, एक चिठ्ठी, नाव न घालता: आजचं काय आठवतंय, आणि काय अडलंय. आठवायला लावलं की ते जास्त टिकतं, आणि मला दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळतं. कालच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती: "सूर्य विषुववृत्तावर वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, मग तिथे उन्हाळा दोनदा असतो का?"

उत्तर लिहायला मी पेनचं टोपण काढलं होतं. परत लावलं. उद्या फळ्यावर हाच प्रश्न लिहिणार आहे, आणि गप्प उभी राहणार आहे.