कॉन्टूर नारिंगी दिसल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आखाजीनंतरच्या लग्नासाठी तुम्ही आमच्या जळगावच्या दुकानातून कॉन्टूर स्टिक, हायलायटर (चेहऱ्याच्या उंच भागांवर चमक आणणारा) आणि लूज पावडर नेली. भाचीचे गाल नारिंगी दिसले, दोन तासांत रंग ठिगळासारखा झाला, फोटोत डोळ्यांखाली पांढरं आलं आणि सामान परत आणलं तर ‘उघडलेला माल बदलून मिळत नाही’ एवढंच ऐकायला मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. बिल आणि स्टॉक दोन्ही तपासले. नारिंगी गाल ही पूर्णपणे आमची चूक आहे. तुम्हाला दिलेली स्टिक कॉन्टूरची नव्हतीच, ब्राँझरची होती. माफ करा.

कॉन्टूर म्हणजे चेहऱ्यावर सावली काढणं. सावलीत लाल-पिवळी झाक नसते, म्हणून कॉन्टूरचा तपकिरी रंग किंचित राखाडीकडे झुकणारा आणि पूर्ण मॅट, म्हणजे बिनचमकीचा, लागतो. ब्राँझर उन्हाची ऊब दाखवतो. तो विटकरी-सोनेरी असतो, बऱ्याचदा त्यात चमकही असते. गव्हाळ त्वचेत मुळातच पिवळेपणा असतो. त्यावर गालाच्या खोबणीत ब्राँझर लावला की नारिंगी पट्टा दिसणारच. शेड त्वचेपेक्षा साधारण दोन पायऱ्या गडद घ्यावी. मात्र गोऱ्या रंगासाठी बनवलेली फार राखाडी शेड आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर मळकट दिसते, तीही टाळावी. डब्यावरच्या ‘टॅन’, ‘कॅरॅमल’ या नावांवर जाऊ नका, दोन कंपन्यांचं कॅरॅमल एकसारखं नसतं. हनुवटीखाली गळ्यावर पडणारी स्वतःची सावली आरशात बघा आणि तिच्याशी मिळता रंग निवडा.

तुम्ही टेस्टर हाताच्या पाठीवर, ट्यूबलाइटखाली बघितला होता. तिथे आम्हीच थांबवायला हवं होतं. हाताचा रंग चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. जबड्याच्या कडेला बोटभर रेघ ओढायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि दुकानाच्या दारात, उजेडात बघायचं. काही क्रीम वाळल्यावर गडद होतात, ते लगेच कळत नाही.

ठिगळं पडण्याचं कारण तुमच्या लिहिण्यातच आहे: आधी लूज पावडर, मग स्टिक. क्रीमवर पावडर चालते, पावडरवर क्रीम चालत नाही. स्टिकमधलं तेल आणि मेण खालची पावडर ओढून घेतं, तिचे गोळे होतात आणि चोळलं की फाउंडेशनही निघतं. क्रम असा ठेवा: फाउंडेशन, त्यावर क्रीम कॉन्टूर, तो पूर्ण मिसळल्यावर पावडर, शेवटी पावडर हायलायटर. स्टिक थेट गालावर घासण्यापेक्षा ब्रशवर घेऊन लावलेली बरी. गालाच्या हाडाखाली बोटाने दाबून खोबण शोधा, कानाच्या वरच्या भागापासून तोंडाच्या कोपऱ्याच्या दिशेने या, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत थांबा. त्यापुढे गेलात तर चेहरा ओढलेला दिसतो. मिसळताना ब्रश वरच्या दिशेने थापा. खाली ओढला की गाल लोंबल्यासारखे दिसतात.

आता ऊन. मे महिन्यात इथे पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि दुपारच्या मुहूर्ताला मांडवात घाम थांबत नाही. अशा दिवशी तेलकट त्वचेवर स्टिक नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. मॅट पावडर कॉन्टूर घ्या, ब्रश एकदा झटका आणि एकाच जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या. स्टिकच हवी असेल तर ती गाडीत ठेवू नका. मऊ पडलेली स्टिक एकसारखी लागत नाही. घाम आला तर टिश्यूने टिपा, पुसू नका, आणि टिपल्याशिवाय वरून पावडर लावू नका.

डोळ्यांखालचं पांढरं पावडरमुळे आलं. तुम्ही नेलेल्या लूज पावडरीत सिलिका जास्त आहे. असा थर आरशात दिसत नाही, पण फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परतवतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनमुळेही असं होतं. डोळ्यांखाली अगदी थोडी, त्वचेच्या रंगाची पावडर दाबून लावा आणि घरातून निघण्याआधी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढा. लग्नाचा फोटोग्राफर फ्लॅश वापरणार हे आम्ही विचारलं नाही, ते विचारायला हवं होतं.

हायलायटरही बदलून घ्या. तुम्हाला दिलेला चंदेरी आहे आणि गव्हाळ रंगावर तो राखेसारखा दिसतो. शॅम्पेन रंगाचा किंवा फिकट सोनेरी घ्या, बारीक दळलेला. टिकलीसारखे चमकणारे कण दिसत असतील तर तो नको. गालावर पुटकुळ्या किंवा खड्डे असतील तर त्या जागी चमक लावू नका, खड्डे आणखी उठून दिसतात. गालाच्या हाडाचा वरचा भाग आणि नाकाचा दांडा एवढं पुरे.

उघडलेला माल परत न घेण्याचा नियम स्वच्छतेसाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण चुकीची वस्तू आम्ही दिली असेल तर तो नियम तुम्हाला लागू होत नाही, हे काउंटरवरच्या सगळ्यांना सांगितलंय. तिन्ही वस्तू, असतील तशा, घेऊन या. बिल नसलं तरी चालेल, नोंद आमच्याकडे आहे. वापरलेलं सामान आम्ही टाकून देऊ, पुन्हा विकणार नाही. पैसे हवे असतील तर पूर्ण परत मिळतील. बदलून हवं असेल तर भाचीला सोबत आणा, मेकअप न करता, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत, म्हणजे दारातल्या उजेडात शेड बघता येईल. तिचं नेहमीचं फाउंडेशनही आणा, कॉन्टूर त्याच्यावरच लावून बघायचा आहे.